सात पाण्यांची वाळू

अण्णांना गल्लीत सगळे ‘धुवट’ म्हणायचे. तोंडावर नव्हे, अर्थात. तोंडावर ‘अण्णा, अण्णा’ आणि पाठ वळली की ‘धुवट गेला बघा’. माणूस रोपवाटिका चालवायचा, म्हणजे जन्मभर हात मातीत. पण त्यांच्या नखांत माती कोणी पाहिली नाही. कुंड्या धुवायच्या, झारी धुवायची, खुरपं धुवायचं आणि खुरपं ज्या फडक्यानं पुसलं ते फडकंही धुवायचं. अण्णा एक दिवस साबणसुद्धा धुऊन ठेवतील, असं त्यांचा धाकटा मुलगा म्हणायचा. तेही ते घरात नसताना.

आता अण्णा नाहीत, आणि त्यांना धुवट म्हणणारेही फारसे उरलेले नाहीत. रोपवाटिका मात्र आहे. ती त्यांची थोरली मुलगी चालवते. तिला सगळे ताई म्हणतात, तिच्याहून दहा वर्षांनी मोठी असलेली माणसंसुद्धा. ताईचं वय एकसष्ट, गुडघ्यांचं त्याहून जास्त. स्वभाव अण्णांचा, आवाज आईचा, त्यामुळे ती रागावली तरी लोकांना ती लाडानंच बोलतेय असं वाटतं आणि तिचा राग वाया जातो.

त्या रविवारी सकाळी ती काचेच्या खोलीत स्टुलावर बसली होती. ही खोली परसदारी, स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून अण्णांनी स्वतः बांधलेली. तीन भिंती काचेच्या, छप्पर काचेचं, आणि दाराशी पाय धुवायला एक उथळ हौद. समोरच्या फळीवर तीन कुंड्या होत्या आणि त्यांत पाइनची तीन रोपं, बोटभर उंचीची. वर्षापूर्वी याच फळीवर एकतीस होती. एकेकाची सुईसारखी पानं पिवळी पडली, मग शेंडे जांभळट झाले, मग वाळले, आणि ताईनं ती उपटून टाकली. आता उरलेल्या तिघांचेही शेंडे पिवळे दिसत होते.

दुसरं कुठलं रोप असतं तर तिनं पुन्हा बी पेरलं असतं. पण ज्या झाडाचं हे बी, ते झाडच आता नव्हतं. बी संपलं होतं. ही तीन गेली की परसातल्या पाइनचं मागे काही उरणार नव्हतं, आणि ते ताईला सोसण्यासारखं नव्हतं. म्हटलं तर झाडच ते. पण म्हणणाऱ्यानं म्हणावं. तिचा जीव त्या तीन कुंड्यांत अडकला होता.

तो पाइन अण्णांनी लावला तेव्हा ताई पाळण्यात होती. अण्णांच्या हातून जगलेल्या पाइनच्या पहिल्याच रोपांमधलं ते एक. बाकीची विकली आणि हे परसात ठेवलं. पाइनचा एक नेम असतो. दर वर्षी शेंड्याशी फांद्यांचं एक कडं फुटतं, गोल, चारी बाजूंनी. दोन कड्यांमधलं अंतर म्हणजे त्या वर्षाची वाढ. त्यामुळे या घरात कॅलेंडर भिंतीवर कमी आणि परसात जास्त पाहिलं जायचं. ‘हे कडं ना, धाकटा झाला तेव्हाचं.’ ‘हे तुला गोवर आला तेव्हाचं.’ पाचवं आणि सहावं ही आईची बसायची जागा होती. खालच्यावर पाय ठेवून वरच्यावर टेकायचं आणि भाजी निवडायची. नवव्या आणि दहाव्या कड्यांमधलं अंतर मात्र जेमतेम वीतभर होतं. त्या वर्षाचं नाव घरात कोणी काढत नसे.

ताईला त्या झाडाचं सगळं आठवायचं. वारा सुटला की पानांची सळसळ व्हायची नाही, एक लांब श्वास सोडल्यासारखा आवाज यायचा. शाळेच्या कपड्यांना राळ लागायची ती रॉकेलशिवाय निघायची नाही, आणि मग वर्गात एका मुलीच्या अंगाला राळेचा वास नि रॉकेलचा वास असे दोन्ही यायचे. खाली पडलेल्या सुयांची गादी इतकी जाड की त्यावरून धावलं तरी पाऊल वाजायचं नाही. अण्णा ती गादी झाडून काढायला निघाले की आई म्हणायची, “राहू द्या हो. झाडाचं पांघरूण आहे ते.” आणि अण्णा, जे कोणाचंच ऐकत नसत, ते तेवढं ऐकायचे.

अडीच वर्षांपूर्वी त्या झाडावर वीज पडली. खोड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत उभं चिरलं. कापणारे आले, दोन दिवस करवत चालली, आणि परसात एवढं ऊन आलं की ताईला स्वतःचं घर ओळखू येईना. तिनं त्या पसाऱ्यातून शंकू वेचले, म्हणजे पाइनची ती लाकडी खवल्यांची फळं. उन्हात वाळत घातले. खवले उघडले तसं आतलं बी निघालं, प्रत्येक बीला माशीच्या पंखाएवढा एक पंख. बरंचसं पोचट होतं. जे भरलेलं होतं ते ओल्या वाळूत घालून दोन महिने फ्रीजमध्ये ठेवलं, कारण पाइनच्या बीला थंडी लागल्याशिवाय जाग येत नाही. मग पेरलं. उगवलं तेव्हा प्रत्येक रोपाच्या डोक्यावर बीचं टरफल टोपीसारखं होतं. एकतीस टोप्या. ताई त्या दिवशी जेवायची विसरली.

आणि सगळं तिनं अण्णांच्या वहीबरहुकूम केलं. वाळू सात पाणी धुतली. माती चाळली, भाजली, पुन्हा चाळली. कुंड्या उकळत्या पाण्यातून काढल्या. पाय धुतल्याशिवाय आत पाऊल टाकलं नाही. यात काही खोटं नव्हतं. घाणेरड्या मातीत कोवळी रोपं मानेशी कुजून आडवी होतात, ते तिनं कितीदा पाहिलं होतं. तिची एकही आडवी झाली नाही. सगळी उभ्या उभ्या पिवळी पडली. फोनमध्ये पाहिलं तर एक म्हणे पाणी वाढवा, दुसरा म्हणे पाणी तोडा, तिसऱ्याला त्याचं खत विकायचं होतं. तिनं फोन ठेवून दिला आणि वाळूला आणखी दोन पाणी दिली.

“काय म्हणतात पेशंट?” दारातून धाकट्याचा आवाज आला.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. चार वर्षांनी लहान, जन्मभर बस चालवून नुकताच निवृत्त झालेला. दर रविवारी यायचा, पेपर वाचायचा, तिच्या हातचं जेवायचा आणि तिला चिडवायचा.

“पाय धुतलेस?” ताईनं मान न वळवता विचारलं.

“अण्णा गेले, पण तुझ्या मानगुटीवर बसूनच राहिले,” असं म्हणत त्यानं पाय धुतले. मग आत येऊन कुंड्यांपुढे वाकला. “ताई, ही पण चालली गं.”

“डोळे आहेत मला.”

“मी काय म्हणतो, पाइनची रोपं विकत मिळतात. चांगली डोक्याएवढी. पुढच्या रविवारी एक घेऊन येतो. खड्डा मी खणतो. दोन वर्षांत तुला फरकसुद्धा कळायचा नाही.”

“आई गेल्यावर अण्णांनी दुसरी आणून बसवली असती, तर तुला दोन वर्षांत फरक कळला नसता का?”

धाकटा पुटपुटला, “तू बोलतेस म्हणजे ना... माणसानं पळून जावं.” पण गेला नाही. चहा करून आणला, दोन कप घेऊन पुन्हा पाय धुतले, आणि म्हणाला, “अण्णांची वही आण बघू.”

“शंभरदा वाचलीय.”

“तू पाककृती वाचावी तशी वाचतेस. वाळू किती, पाणी किती. मला बघू दे.”

वही जाड पुठ्ठ्याची, अर्थातच स्वच्छ. पाइनसाठी वेगळी पानं होती, आखलेली. साल, पेरली किती, जगली किती, आणि शेवटच्या रकान्यात ‘कारण’. धाकटा बसच्या वेळापत्रकासारखा पानावरून खाली बोट फिरवू लागला. पहिलं साल: सर्व पिवळी, सर्व गेली, कारण, वाळू दोनच पाणी धुतली. दुसरं साल: सर्व गेली, चार पाणी दिली तरी कमी पडली. तिसरं साल: सर्व गेली, पाच पाणी. चौथं साल: सर्व हिरवी. आणि पुढे खाली रेघ ओढून, ‘कारण: सात पाणी.’

“बघ,” ताई म्हणाली. “सात पाणी.”

“थांब. तिसरं आणि चौथं साल. मधे काय झालं?”

“काय झालं?”

“अगं, लग्न झालं अण्णांचं! आई आली घरात.”

ताई हसली. आई हेच म्हणायची. अण्णा पाहुण्यांना काचेच्या खोलीत नेऊन सात पाण्यांची कहाणी ऐकवायला लागले की ती मागून म्हणायची, “सात पाणी कसली! माझा पायगुण तो.” पाहुणे हसायचे, अण्णा कपाळाला आठी घालायचे आणि आई सगळ्यांना पाणी आणायला आत जायची.

आईच्या पायांवरून या घरात फार रामायण झालं होतं. तिचं माहेर डोंगरात होतं. तिचे वडील जंगलाचे राखणदार. घराच्या चारी बाजूंना जुने पाइन, इतके जुने की दोघांनी हात धरले तरी खोडाला वेढा पडायचा नाही. लग्नात त्यांनी लेकीला दिले ते चामडी बूट, घोट्यापर्यंतचे, जाड खाचांच्या तळव्यांचे. ‘दागिने मोडून खाशील, बूट पायात राहतील,’ असं म्हणाले म्हणे. आई वर्षातून दोनदा माहेरी जायची आणि तेच बूट घालून परत यायची. तळव्यांच्या खाचांत डोंगराची काळी माती आणि मातीत रुतलेल्या सुया. तशीच ती पिशवी खाली न ठेवता काचेच्या खोलीत शिरायची, रोपं कशी आहेत बघायला.

“अगं, बूट! बूट धू आधी!” अण्णा ओरडायचे.

“माझ्या माहेरची माती आहे हो. घाण नव्हे.”

“कुठलीही माती असो, दाराबाहेर!”

“बरं, बरं,” आई म्हणायची, आणि तोवर तिची अख्खी फेरी मारून झालेली असायची.

धाकट्याचं बोट आता पान उलटून खाली येत होतं. हिरवी, हिरवी, सात पाणी, सात पाणी. मग ते थांबलं. “हे बघितलंस?”

ताईनं पाहिलं होतं, पण कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या सालापुढे लिहिलं होतं: ‘सात पाणी. मग नऊ पाणी. सर्व पिवळी. कारण कळत नाही.’ अण्णांच्या हस्ताक्षरात ‘कळत नाही’ हे शब्द अख्ख्या वहीत तेवढ्या एकाच ठिकाणी होते.

“हे आपलं वीतभराचं वर्ष,” धाकटा हळूच म्हणाला.

ते वर्ष म्हणजे असं. आई माहेरहून आली होती, बूट दाराशी काढून जरा आडवी झाली होती. अण्णांनी ते बूट उचलले, ब्रशनं खरवडले, साबणाच्या पाण्यात बुडवले आणि उन्हात ठेवले. त्यांना वाटलं आपण मोठं उपकाराचं काम केलं. आई उठली आणि तिनं ते लखलखीत बूट पाहिले. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “या घरात माझं म्हणून काहीच ठेवायचं नाही का तुम्हाला?” दुसऱ्या दिवशी ओले बूट घालून, पाच वर्षांच्या धाकट्याला घेऊन ती निघून गेली. ताई नऊ वर्षांची, तिची शाळा होती म्हणून तिला ठेवलं. आजी आजारी आहे, असं तिला सांगण्यात आलं. आठ महिने ती अण्णांनी केलेलं, भांडी तीनदा धुऊन केलेलं बेचव जेवण जेवली. परसातल्या झाडाला पाणी घालायचं आईचं काम होतं, ते कोणाला सुचलंच नाही. रोपं पिवळी पडत गेली आणि अण्णा रात्रंदिवस वाळू धूत राहिले.

“ती परत आली तो दिवस मला आठवतो,” ताई म्हणाली. “मी परसात होते. पाऊस पडून गेलेला. आई फाटकातून आली आणि सरळ इकडे निघाली. बूट घोट्यापर्यंत चिखलानं माखलेले. अण्णा या दाराशी तांब्या घेऊन उभे. मला वाटलं, आता पुन्हा होणार. ती त्यांच्या अंगावरून आत गेली. प्रत्येक वाफ्याशी थांबली. अण्णांनी ब्र काढला नाही. उलट तांब्या मागे लपवला.”

“आणि रोपं?”

“जगली. बरीचशी.” ताईनं वहीकडे पाहिलं. पुढच्या सालापुढे ‘हिरवी’ एवढंच होतं. कारणाचा रकाना रिकामा. त्याच्या पुढचा रिकामा. धाकट्यानं पानं उलटली. शेवटच्या पानापर्यंत रिकामा.

“झारीला भोकं किती तेसुद्धा लिहून ठेवणारा माणूस,” धाकटा म्हणाला. “त्याला एकाएकी कारण लिहायचा कंटाळा आला?”

मग धाकट्यानं कप खाली ठेवला आणि तो जरा ओशाळल्यासारखा हसला. “तुला एक सांगतो. मूर्खपणाचं आहे. आजोळहून निघायच्या दिवशी आई मला त्या मोठ्या झाडांखाली न्यायची. ओल्या जागी. आणि आम्ही नाचायचो.”

“नाचायचात?”

“पाय आपटायचे जोरजोरात. ती तिच्या बुटांनी, मी माझ्या. मातीत अगदी रुतवायचे. मला वाटायचं खेळ आहे. झाडांचा निरोप घ्यायचा असतो म्हणून. ती म्हणायची, ‘आणखी, आणखी, खाचा भरल्या पाहिजेत.’ आणि मग, ‘घरी सांगायचं नाही हं, अण्णा ओरडतील.’ मी सांगितलं नाही. मग मोठा झालो, आणि सांगण्यासारखं त्यात काही वाटलंच नाही.”

ताई त्याच्याकडे बघत राहिली. कारण तिच्याजवळही एक गोष्ट होती, चाळीस वर्षं कोणाला न सांगितलेली.

आई गेली तेव्हा ताई बावीस वर्षांची होती. आईचे बूट अण्णांनी कागदात गुंडाळून या खोलीत वरच्या फळीवर ठेवले आणि म्हणाले, “याला कोणी हात लावायचा नाही.” धुतलेही नाहीत. ज्या माणसानं सगळं धुतलं त्यानं तेवढे धुतले नाहीत. ते दुःखानं, असं सगळ्यांनी धरून चाललं. मग एका दुपारी, बाहेर रिपरिप चालू असताना, ताई छत्री शोधत मागच्या दाराशी आली आणि तिनं काचेतून पाहिलं. अण्णा आत गुडघ्यांवर होते. दोन्ही हातांत, मोजे चढवावेत तसे, आईचे बूट चढवलेले. आणि ते पाइनच्या वाफ्यांवर, रोपांच्या ओळींमधून, एकेक पाऊल टाकत होते. डावं, उजवं. डावं, उजवं. हलक्या हातानं, अगदी बाई चालते तसं. त्यांच्या सदऱ्याची बाही चिखलानं भरली होती आणि ते काहीतरी पुटपुटत होते.

ताई पाय न वाजवता मागे फिरली. तिला वाटलं, अण्णांच्या डोक्यावर परिणाम झाला. कित्येक दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. धाकट्याला सांगावं तर तो नोकरीवर नवा, दूरगावी. गल्लीला कळलं तर आधीच धुवट, त्यात आणखी काय काय नावं ठेवतील. तिनं ते मनाच्या तळाशी टाकलं आणि वर दगड ठेवला. अण्णा पुढे वीस वर्षं अगदी शहाण्यासारखे जगले. पाइनच्या वाफ्यांना त्यांनी कधी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पाठ वाकली तेव्हा पाइन करणं बंद केलं आणि ताईला म्हणाले, “तू फुलझाडं कर.”

हे सगळं तिनं आता सांगितलं. धाकटा ऐकता ऐकता उभा राहिला होता.

“त्यांना माहीत होतं,” तो म्हणाला.

“आईलाही माहीत होतं.”

“ती तर ओरडून सांगत होती गं. सगळ्यांसमोर. आपण हसायचो.”

ताई उठली. कचऱ्याच्या डब्यात परवा उपटलेलं रोप होतं. तिनं त्याची मुळं हातावर घेतली. काळी, बारीक, उघडी मुळं. धुतल्यासारखी. मग ती बाहेर पडली, धाकटा तिच्या मागे. परसात पाइनचा बुंधा उरला होता, त्याच्याभोवती जुन्या सुयांची गादी अजून होती. ती झाडून काढायला ताईचा हात कधी झाला नव्हता. तिनं खाली बसून गादी बाजूला केली आणि नखांनी ओली माती उकरली. जुन्या मुळांच्या टोकांवर पांढरी बुरशी होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी, मुळाला मिठी मारून बसलेली. अण्णांनी तिला लहानपणी शिकवलं होतं, मातीत पांढरं दिसलं की फेकून द्यायचं. आणि ती आजवर इमानानं फेकत आली होती. भाजत आली होती. सात पाण्यांत वाहून घालवत आली होती. एकतिसांतली अठ्ठावीस रोपं तिनं स्वच्छतेनं मारली होती.

“पाइनला पाइनखालची माती लागते. ही बुरशीच त्याच्या मुळांना जेवू घालते,” ती म्हणाली. “एवढंच. एवढीशी गोष्ट.” आणि तिला रडू फुटलं. रोपांचं रडू होतं, आणि आई-अण्णांचंही. एक जन्मभर थट्टेत सांगत राहिली, दुसरा जन्मभर मूग गिळून बसला.

धाकट्याला रडणाऱ्या माणसाशी काय करायचं ते कळत नाही, त्यामुळे तो कामाला लागला. “खुरपं आणतो. बादली आणतो. दोन मुठी टाकू कुंड्यांत, झालं काम.”

“थांब,” ताई म्हणाली.

तिला आत्ता, या क्षणी, काहीतरी कळलं होतं. अण्णांजवळही खुरपं होतं. बादली होती. हा बुंधा तेव्हा उभा होता, वीस-बावीस कड्यांचा, आणि त्याच्या तळाशी हीच माती होती. कारण एकदा कळल्यावर दोन मुठी माती टाकायला किती वेळ लागतो? पण ते बूट हातांत घालून इथे मातीत रुतवायचे आणि आत जाऊन वाफ्यांवर तिची पावलं उमटवायचे. दर वर्षी. पाठ वाकेपर्यंत. पाइनला मातीच लागत होती. बूट अण्णांना लागत होते.

“फळीवरून आईचे बूट काढ,” ती म्हणाली. “स्टुलावर नीट चढ, पडशील.”

कागद पिवळा पडून चुरा झाला होता. बूट मात्र होते, चामडं कडक, खाचांत अजून वाळलेली माती. ताईनं ते पायांत घालून पाहिले. तिचे पाय अण्णांवर गेलेले, मोठे. टाच आतच जाईना. धाकटा म्हणाला, “आता?” ती बुंध्याशी गुडघ्यांवर बसली, गुडघ्यांनी बोंब मारली ती ऐकून न ऐकल्यासारखी केली, आणि दोन्ही हातांत बूट चढवले.

“डावं, उजवं,” ती म्हणाली.

“आणखी,” धाकटा म्हणाला. तो हसत होता आणि त्याच्या नाकातून पाणी वाहत होतं. “आणखी, ताई. खाचा भरल्या पाहिजेत.”

तशाच हातांनी ती उठली. त्यानं तिला कोपराला धरून उठवलं. काचेच्या खोलीच्या दाराशी धाकटा सवयीनं हौदाकडे वळला.

“पाय धुऊ नकोस,” ताई म्हणाली. “चल तसाच आत.”

तो जागीच उभा राहिला. सत्तावन्न वर्षांत ते वाक्य त्यानं या दाराशी ऐकलं नव्हतं. मग तो चिखलाच्या पायांनी आत आला, अगदी जपून, कोणी ओरडेल की काय अशा बेतानं. ताईनं तिन्ही कुंड्या खाली घेतल्या आणि प्रत्येक रोपाच्या बाजूला एकेक पाऊल दाबलं. कुंड्या लहान, बूट मोठे, त्यामुळे टाचेचाच ठसा उमटला.

तिघांतलं एक पुढच्या आठवड्यात गेलं. त्याला उशीर झाला होता. उरलेल्या दोघांचं काही कळेना. ना हिरवं, ना मेलेलं. धाकटा रविवारी यायचा आणि आधी फळीकडे बघून मग ताईच्या चेहऱ्याकडे बघायचा. थंडी सरली, ऊन तापायला लागलं, आणि एका सकाळी ताईला दोन्ही शेंड्यांवर नव्या सुयांचा जुडगा दिसला, पाच-पाच सुयांचा, किंचित निळसर हिरवा. चष्मा पुसून तिनं पुन्हा पाहिलं. मग खाली बसून तिनं कुंडीच्या भोकातून डोकावणारं मूळ बघितलं. ते पांढरं होतं.

तिनं धाकट्याला फोन केला नाही. रविवार दोनच दिवसांवर होता, आणि त्याचा चेहरा तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. तिनं वही काढली. अण्णांच्या शेवटच्या ओळीखाली साल घातलं. पेरली किती त्या रकान्यात उगवलेल्यांचाच आकडा लिहिला, एकतीस. जगली दोन. मग ती त्या रिकाम्या रकान्यांच्या उभ्या पट्टीवरून बोट फिरवत बसली, वरपासून खालपर्यंत. आई गेली त्या सालाशी बोट जरा रेंगाळलं.

मग पेन उघडून तिनं शेवटच्या रकान्यात, पुढे कोणालाही वाचता येईल अशा ठळक अक्षरांत लिहिलं:

‘कारण: आईचे बूट. धुवू नयेत.’